शेत कीं कणगी? : मराठी वाङ्मयांतील स्त्रीच्या वयाचा विचार

आमच्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गास देवलांचें ‘संगीत शारदा’ शिकवीत असतां एका विद्यार्थिनीनें विचारलेला प्रश्न हें या लेखाचें निमित्त आहे. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकांत द्रव्यलोभी बाप आपली कोंवळी मुलगी ७५ वर्षांच्या भुजंगनाथाच्या गळ्यांत बांधावयास निघतो, आणि त्या जरठाचें वय नाना मिषांनीं मोजून नाटककार प्रेक्षकांस हंसवितो व हंसवितां हंसवितां लाजवितो. हें मी वर्गांत समजावून सांगत होतों. तेव्हां ती मुलगी उठून म्हणाली, “सर, भुजंगनाथाचें वय एवढें मोजलें आहे, पण बाईचें वय लग्नाखेरीज दुसऱ्या कशानें मोजलेलें मराठींत कुठें आहे का?” “पुढच्या तासास सांगेन,” असें नेहमींचें उत्तर मीं दिलें. प्राध्यापकाचा हा शब्द म्हणजे बहुधा पळवाट असते. या वेळीं मात्र तो पाळणें मला भाग पडलें. कारण त्या मुलीचे आईबाप दर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, आणि तिचा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नव्हता हें तिच्या मुद्रेवरून मला दिसत होतें.

शोध घेतां असें आढळलें कीं, स्त्रीच्या वयाला मराठींत शब्दांची वाण नाहीं. बालिका, उपवर, घोडनवरी, प्रौढ कुमारिका, लेंकुरवाळी, वांझ, विधवा: एकाहून एक नेमके शब्द आहेत. परंतु हे सारे शब्द तिचें घरांतलें स्थान सांगतात. तिच्या देहांत काळ काय करीत आहे याविषयीं ते मुके आहेत. लग्न झाल्यावर तर तिचें वय जन्मापासून मोजण्याचेंच थांबतें. “लग्नाला चार वर्षें झालीं, अजून पाळणा हलला नाहीं,” असें शेजारीण म्हणते. ती सून सोळाव्या वर्षीं लग्न होऊन आज विशींत आहे, कीं बत्तिसाव्या वर्षीं लग्न होऊन आज छत्तिशींत आहे, हा भेद त्या वाक्यांत येतच नाहीं. वैद्यकाच्या दृष्टीनें मात्र सगळा भेद तेथेंच आहे. पस्तिशीच्या आंतील जोडप्यास डॉक्टर एक वर्ष वाट पाहून तपासणीस या असें सांगतात. स्त्रीची पस्तिशी उलटली असेल तर सहाच महिने.

वाङ्मय म्हणजे कांहीं शरीरशास्त्राचा ग्रंथ नव्हे, मग त्याला हा जाब कां विचारावा, असा आक्षेप येईल. तो वरवर रास्त आहे. परंतु माणसाला स्वतःच्या देहाची पहिली ओळख डॉक्टर करून देत नाहीं. म्हणी, शिव्या, आशीर्वाद, कहाण्या आणि नाटकें यांतून ती आधींच होऊन गेलेली असते. डॉक्टर गांठ पडतो तो फार उशिरां. म्हणून देहाविषयींची एखादी उपमा चुकीची असेल, तर ती तपासणें हें टीकाकाराचेंच काम आहे. आणि स्त्रीच्या जननशक्तीविषयींची आपली मुख्य उपमा चुकीची आहे, असें माझें नम्र मत झालें आहे. ती उपमा म्हणजे शेताची.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत स्त्री ही क्षेत्र व पुरुष हा बीज, असें स्पष्टच म्हटलें आहे. सुश्रुताचा शारीरस्थानांतील विचार अधिक सावध आहे. अंकुराला जसें, तसें गर्भालाही ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज हीं चारही जुळून यावीं लागतात, असें तो सांगतो. त्यांत पहिलें स्थान ऋतूला आहे. ऋतु म्हणजे तेथें महिन्यांतील अनुकूल काळ. तथापि आयुष्यांतील काळाचाही त्याला विसर पडलेला नाहीं. रजोदर्शन बाराव्या वर्षाच्या सुमारास व रजोनिवृत्ति पन्नाशीच्या सुमारास, असें तो नोंदवितो, आणि सोळा वर्षांच्या आंतील मुलीस गर्भ राहणें गर्भाच्या नाशास कारण होतें, असा इशाराही देतो. लोकांच्या बोलींत मात्र उतरला तो मनु. सुश्रुत पोथींतच राहिला. कूस उजवली, जमीन नापीक, पडीक रान, वांझ माती: आपल्या गांवगाड्याची भाषा या शेतानें भरलेली आहे.

आतां ही उपमा काय शिकविते तें पहा. पहिलें, बीज पुरुषाचें. स्त्रीजवळ बीज नाहींच. दुसरें, शेत म्हातारें होत नाहीं. उलट चार वर्षें पडीक ठेवलें तर त्याचा कस वाढतो. तिसरें, शेताची किंमत पिकावर. पीक हातीं आलें, पुन्हां पेरावयाचें नाहीं असें ठरलें, म्हणजे तें शेत निकामी. हे तिन्ही धडे खोटे आहेत, आणि तिन्हींचे बळी आपल्या डोळ्यांसमोर वावरत आहेत.

स्त्रीच्या देहांत बीज असतें, हें सस्तन प्राण्यांच्या बाबतींत कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं प्रत्यक्ष पाहून सिद्ध केलें. त्यानंतर जें ज्ञान हातीं आलें तें तर आपल्या उपमेला मुळापासून उलथून टाकणारें आहे. मुलगी आईच्या पोटांत पांच महिन्यांची असते तेव्हांच तिच्या बीजकोशांत ६० ते ७० लाख बीजें सांठलेलीं असतात. जन्माच्या वेळीं त्यांतील १० ते २० लाख उरतात, न्हाण येईपर्यंत ३ ते ४ लाख, सदतिशीच्या सुमारास २५ हजार, आणि पाळी कायमची जाते तेव्हां हजाराच्या आंतबाहेर. सबंध आयुष्यांत पक्व होऊन बाहेर पडणारीं बीजें जेमतेम ४०० ते ५०० असतात. बाकीचीं तेथेंच जिरून जातात. गर्भ राहिला, गोळ्या घेतल्या किंवा आजन्म ब्रह्मचर्य पाळलें, तरी ही झीज थांबत नाहीं. याचा अर्थ असा कीं, स्त्रीला शेताची उपमा शोभत नाहीं, ती कणगीची शोभते. आजीनें आईला पोटांत वाढविलें तेव्हांच नातवाचें बीज त्या कणगींत पडलेलें होतें. ही कणगी एकदांच भरते. पुन्हां भरत नाहीं.

आणि कणगींतलें बियाणेंही जुनें होतें. ही गोष्ट आमच्या मराठवाड्यांतील शेतकऱ्यास नव्यानें सांगावी लागत नाहीं. मृगाच्या आधीं घरचें सोयाबीन ओल्या गोणपाटांत शंभर दाणे मांडून तो उगवण तपासतो. सत्तरांच्या खालीं अंकुर आले तर बियाणें बदलतो, किंवा पेरणीला जास्त घेतो. स्त्रीबीजाचेंही तेंच आहे. पोटांत असतांनाच सुरू झालेलें त्याचें विभाजन अर्ध्यावर थांबलेलें असतें आणि तें बीज पक्व व्हावयाच्या वेळीं, वीस, तीस किंवा चाळीस वर्षांनीं, पुढें सरकतें. जितका काळ अधिक, तितकी गुणसूत्रांची वांटणी चुकण्याची भीति अधिक. म्हणूनच वयाबरोबर गर्भपात वाढतात. डाउन सिंड्रोम असलेलें मूल जन्मण्याचा संभव पंचविशींत साधारण १२०० त एक असतो, तो चाळिशींत १०० त एक होतो. निरोगी जोडप्यास दर महिन्यास गर्भ राहण्याचा संभव विशींत व तिशीच्या आरंभीं सुमारें चारांत एक असतो. चाळिशींत तो दहांत एक उरतो. ही उतरण बत्तिशीपर्यंत जवळजवळ जाणवत नाहीं, पुढें हळूहळू जाणवते, आणि सदतिशीनंतर तीव्र होते. याच्या उलट गर्भाशय पुष्कळ काळ समर्थ राहतें. तरुण स्त्रीनें दिलेलें बीज चाळिशी उलटलेल्या स्त्रीच्या गर्भाशयांत रुजतें, व यशाचें प्रमाण बीज देणारीच्या वयाप्रमाणें राहतें. म्हातारें होतें तें बियाणें, रान नव्हे.

हें ध्यानांत ठेवून आपल्या वाङ्मयाकडे पाहिलें म्हणजे त्याचें बळ आणि उणीव दोन्ही दिसतात. ‘शारदा’चें बळ निर्विवाद आहे. १९२९ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यास तो मांडणाऱ्या हरविलास सारडा यांचें नांव पडलें, तें मराठी माणसानें सहज ‘शारदा कायदा’ असें करून टाकलें. एका नाटकानें कायद्याचें नांव आपलेसें करावें, याहून मोठें यश तें कोणतें? परंतु त्या नाटकाचा विनोद दोन वयांतील अंतरावर उभा आहे. अंतर नसेल आणि वधूवर दोघेंही पोरवयाचीं असतील, तर त्याला हंसण्याची सोय नाटक आपणांस देत नाहीं. देवलांचा रोख जरठविवाहावर होता; उणीव आहे ती, तेवढ्यावरच समाधान मानणाऱ्या आपली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून १९५३ त देह ठेवीपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविलें. त्यापायीं त्यांनीं खटले सोसले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. देहाविषयीं सरळ मराठींत बोलतां येतें, हें त्यांनीं सिद्ध करून दाखविलें. त्यांच्या कार्याचा रोख नको असलेली संतति टाळण्यावर होता, आणि त्या काळाची गरज तीच होती. पुढें सरकारी कुटुंबनियोजनानें त्यांच्या विचाराचा तेवढाच अर्धा भाग उचलला. मूल कसें टाळावें हें भिंतीभिंतींवर लिहिलें गेलें. तें केव्हांपर्यंत होऊं शकतें, हें कोणत्याच भिंतीवर आलें नाहीं.

विभावरी शिरूरकर यांचें ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित राहिलेल्या मुलींचें मन मराठींत प्रथमच मोकळेपणीं बोललें. स्त्रीनें आपलीं वर्षें आपण मोजण्याचा हा आरंभ होय. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नास त्यांतल्या त्यांत जवळचें उत्तर येथेंच आहे. पुढच्याच वर्षीं आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरींत तर मातृत्वाची इच्छा हा स्त्रीचा स्वतःचा प्रश्न म्हणून उभा राहिला. तरीही नांवांतच पहा: तेथें स्त्री कळी आहे. उपमा शेतांतून बागेंत आली एवढेंच. कळी उमलते किंवा कोमेजते. मधला दीर्घ, सावकाश ओसरणारा काळ तिला नाहीं. योगायोग असा कीं, त्याच १९३४ सालीं स्पेनमध्यें लोर्काचें ‘येर्मा’ हें नाटक आलें. येर्मा या शब्दाचाच अर्थ ओसाड भूमि. अपत्यासाठीं तळमळणारी शेतकरी स्त्री आणि मुलाची ओढ नसलेला तिचा नवरा यांची ती शोकांतिका आहे. तेव्हां उपमेचा हा दोष केवळ आपलाच नव्हे. पण आपल्याकडे तो अधिक महाग पडला आहे, आणि बीड जिल्ह्यांत सर्वांत महाग.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पांचव्या फेरींत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळांत, या जिल्ह्यांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४३ हून अधिक स्त्रियांचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं झालेलें आढळलें. त्याचें एक कारण उघड आहे. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक कोयता होतो. जोडप्याला उचल अधिक मिळते. आईबाप कारखान्यावर गेले म्हणजे वयांत आलेली मुलगी मागें कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही धास्ती वेगळीच. या व्यवहाराच्या पाठीशीं एक समजूतही उभी असते: न्हाण आलें, म्हणजे शेत तयार झालें. प्रत्यक्षांत तें तयार झालेलें नसतें. किशोरवयांतील बाळंतपण आई व बाळ दोघांसही अधिक धोक्याचें असतें. सुश्रुतानें हें सांगितलें होतें. आजचे डॉक्टरही तेंच सांगतात.

मग दोन-तीन मुलें होतात, पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया होऊन पाळणा थांबतो, आणि उपमेचा तिसरा धडा लागू पडतो: पीक निघालें, शेत निकामी. उसाच्या फडांत न शौचालय न पुरेसें पाणी, डोक्यावर मोळ्या, पाळीच्या दिवसांतही सुटी नाहीं, कारण खाडा झाला कीं पैसे कापले जातात. अंगावरून जातें, ओटीपोट दुखतें. अशा वेळीं ‘पिशवी खराब झाली, पुढें कॅन्सर होईल,’ एवढें वाक्य पुरतें. २०१९ सालीं हा प्रकार देशभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं शासनानें समिति नेमली. जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची जी पाहणी झाली, तींत १३,८६१ जणींचीं गर्भाशयें काढून टाकलेलीं आढळलीं. म्हणजे सुमारें सहांत एक. पुढें खासगी रुग्णालयांस अशा शस्त्रक्रियेपूर्वीं जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचें बंधन आलें. माझ्या विद्यार्थिनीची आई या सहांतीलच एक आहे. शस्त्रक्रियेच्या वेळीं ती एकोणतीस वर्षांची होती.

या सर्व कथेंत ‘पिशवी’ हा शब्द मला फार क्रूर वाटतो. पिशवी रिकामी झाली कीं टाकून देतात. त्या शब्दांत बीजकोशाला जागाच नाहीं. बीजकोश नुसतें बीज सांभाळत नाहींत. त्यांच्या स्रावांवर हाडांचें बळ व हृदयाचें आरोग्यही अवलंबून असतें. गर्भाशयाबरोबर तेही काढले, तर तिशींतील स्त्रीची रजोनिवृत्ति एका दिवसांत होते. ते ठेवले, तरी ती कांहीं वर्षें आधीं येण्याचा संभव वाढतो. दुखण्यावर कांहीं वेळां ही शस्त्रक्रिया खरोखरच लागते, हें मान्य. परंतु एकोणतीस वर्षांच्या बाईस ‘आतां तिचा उपयोग काय?’ असें सांगितलें जातें, तेव्हां बोलणारा डॉक्टर असो वा सासू, शब्द मनूचेच असतात.

हें वाचून ‘बिचारे अडाणी लोक’ असें म्हणणाऱ्या सुशिक्षित वाचकानें क्षणभर थांबावें. माझी एक भाची विद्यापीठांत संशोधन करीत होती. लग्न झाल्यावर ती सल्ल्याकरितां माझ्याकडे आली, तेव्हां ती एकतीस वर्षांची होती. “आधीं प्रबंध पुरा कर, नोकरी कायम होऊं दे; मूल काय, केव्हांही होतें,” असें मीं तिला मोठ्या पुरोगामी आवाजांत सांगितलें. हेंही शेतच बोलत होतें. पडीक ठेवल्यानें त्याचें काय बिघडतें? एकुणचाळिसाव्या वर्षीं तिच्यावर उपचार सुरू झाले. दोनदां ते फसले. तेव्हां ती मला म्हणाली, “मामा, तुम्ही एवढीं पुस्तकें वाचलींत, हें कोणत्याच पुस्तकांत नव्हतें का?” तिनें रागानें विचारलें असतें तर मला बरें वाटलें असतें.

आपल्या वर्गाचा भ्रम असा कीं, विज्ञानानें वय जिंकलें. १९८६ च्या ऑगस्टांत मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून परीक्षानलिकेच्या साह्यानें मुलगी जन्मली, तेव्हांपासून ही विद्या घरोघर ठाऊक झाली. पन्नाशीकडे झुकलेल्या नटीला जुळें झाल्याची वार्ता आपण कौतुकानें वाचतों. तीं बीजें कोणाचीं, किंवा किती वर्षांपूर्वीं गोठवून ठेवलेलीं, हें वार्तेंत नसतें. २०२१ च्या कायद्यानें या उपचारांस स्त्रीच्या वयाची मर्यादा २१ ते ५० ठेविली आहे. परंतु बीज देणारीचें वय मात्र २३ ते ३५ च असावें, असें तोच कायदा सांगतो. या दोन आंकड्यांतील अंतर ज्यानें समजून घेतलें, त्याला हा सारा विषय समजला.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. वयाचें हें ज्ञान मुलींच्या पाठीवर चाबूक म्हणून वापरलें जाण्याची भीति मोठी आहे. ‘पहा, शास्त्रच सांगतें, लौकर उरका,’ असें म्हणणारे काका आमच्या वाचकांतही असतील. शास्त्र तसें सांगत नाहीं. आमच्या अंबाजोगाईची योगेश्वरी परळीच्या वैजनाथास वरावयास निघाली, मुहूर्त टळला आणि ती कुमारिकाच राहिली, अशी लोककथा आहे. देवतांचें लग्न मुहूर्तावर अडतें; निसर्ग मुहूर्त मानीत नाहीं, हंगाम मानतो, आणि हा हंगाम विशीच्या आरंभापासून तिशीच्या मध्यापर्यंत ऐसपैस पसरलेला आहे. शिक्षण, नोकरी व विवेकानें केलेलें लग्न या सर्वांना त्यांत जागा आहे. सोळाव्या वर्षाच्या लग्नाचें समर्थन मात्र त्यांत कोठेंच नाहीं. ज्या स्त्रीला मूल नकोच असेल, तिला तर हा हंगाम पाळण्याचें कांहींच बंधन नाहीं. शिवाय कणगी एकटीची नसते. मूल न होण्याच्या पुष्कळ प्रकरणांत कारण पुरुषाकडे असतें, आणि वाढत्या वयाबरोबर पुरुषबीजही उणावतें. तरी ‘वांझ’ हा शब्द भाषेनें बाईसाठींच राखून ठेवला. पुरुषासाठीं ‘नपुंसक’ म्हणून भलत्याच दोषाचें नांव योजिलें, म्हणजे तपासणीस जावयास त्याची छातीच होऊं नये.

पुढच्या तासास मीं त्या विद्यार्थिनीस सांगितलें कीं, तूं विचारतेस तसें लिखाण मराठींत फार थोडें आहे, आणि आहे तें निःश्वासाच्या पलीकडे क्वचित् जातें. तिनें तें वहींत टिपून घेतलें व विचारलें, “मग तें लिहायचें कुणीं?”

प्रश्न योग्य ठिकाणीं पोंचला आहे, असें मला वाटतें. कादंबरीकारांस विषय सुचविण्याचा अधिकार टीकाकारास नसतो. परंतु जी उपमा खोटी ठरली ती टाकून द्या, एवढें सांगण्याचा असतो. आणि बोलणें हा तर प्रत्येक घराचा अधिकार आहे. मुलीला न्हाण येतें त्या वयांत ओटी भरण्याच्या गडबडीबरोबर ही कणगीची गोष्टही आईनें तिला सांगावी; मुलालाही सांगावी. सून घरीं आल्यावर लग्नाचीं वर्षें मोजूं नयेत. आणि कोणी ‘पिशवी काढा’ म्हणेल, तर ‘बीजकोशांचें काय?’ हा एक प्रश्न विचारण्याइतकी मराठी प्रत्येक बाईच्या तोंडीं असावी. ती तिच्या तोंडीं घालणें हें लिहिणारांचें काम आहे, आणि तें आतांपर्यंत आमच्या हातून झालेलें नाहीं.